‘बटरकप’ कंदांचं पाकीट: माल ठीक, सूचना गोव्यासाठी नाहीत

ऑनलाइन विकलं जाणारं 10 कंदांचं पाकीट. वर फोटो युरोपातल्या कुरणातल्या पाच पाकळ्यांच्या पिवळ्या बटरकपचा, आत मात्र रॅननक्युलस एशियाटिकस, म्हणजे बुकेत दिसणारं, गुलाबासारखं भरगच्च फूल. वंश एक, जात वेगळी. फोटोला भुलू नये.

कंद वाळलेल्या कोळ्यासारखे दिसतात. दाबून टणक लागले तर उत्तम, भुगा झाला तर टाकून द्या. ‘रात्रभर भिजवा’ ही छापील सूचना घातक आहे. साचलेल्या पाण्यात हवा मिळत नाही आणि कंद कुजतो. 3 ते 4 तास पुरे, पाणी मध्ये एकदा बदला. नंतर पिळून घेतलेल्या ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाचा भुसा) घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात 10 ते 14 दिवस ठेवा. बुरशी आलेले कंद काढत राहा. पांढरी मुळं फुटली की कुंडीत 5 सेंमी खोल लावा, कंदाच्या नख्यांसारख्या टोकांची बाजू खाली. अंतर 15 सेंमी. नुसती चिऱ्याची तांबडी माती पाणी धरते, म्हणून निम्मी वाळू-कोकोपीट हवीच.

‘ऑक्टोबरमध्ये लावा’ हेही इथे चालत नाही, तो तर उकाड्याचा महिना. डिसेंबरच्या सुरुवातीला लावा. तरीही खरी अडचण उरतेच: या झाडाला मुळाशी 10 ते 15 अंशांचा गारवा लागतो, आणि पणजीत जानेवारीतल्या पहाटेही पारा 20 च्या आसपास असतो. फुलायला साधारण 90 दिवस लागतात, तोवर मार्च उजाडतो. पानं पिवळी पडतात, कंद पुन्हा झोपी जातो. सत्तरी-सांगे या आतल्या तालुक्यांकडे रात्री जरा गार, तिथे एखाददुसरं फूल मिळेल.

बागेत तण माजेल ही भीती नको. विलायती बागांना छळणारा तो रांगता बटरकप, रॅननक्युलस रेपेन्स. त्याच्या धावत्या फांद्या पेरापेराला मुळं धरतात. आपल्याकडे ते काम वेडेलिया ही पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वनस्पती करते. बटरकपच्या कुळातली इथली रानवेल म्हणजे मोरवेल.

पाकिटावर नसलेली एक सूचना: ताज्या पानाफांद्यांचा रस कातडीला झोंबतो, हातमोजे घाला, गुरांपुढे टाकू नका.

पाकिटाला 5 पैकी 2 गुण. त्यापेक्षा नर्सरीत ‘व्हाइट बटरकप’ म्हणून मिळणारी टर्नेरा मागा. नावापुरतीच बटरकप, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटते, पण 10 सेंमीच्या फांदीवरून लागते आणि फरशीच्या फटीतसुद्धा आपसूक उगवते.