पहिले रोमन चांदीचे नाणे: प्रजासत्ताकाचा डेनारियस, सम्राटाचा डेनारियस की अँटोनिनिआनस?

रोमची चांदीची नाणी विकत घेऊ पाहणाऱ्यापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात. इ. स. पू. 211 च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धाच्या काळात सुरू झालेला प्रजासत्ताकाचा डेनारियस हा पहिला, ऑगस्टसपासून तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेला सम्राटांचा डेनारियस हा दुसरा आणि इ. स. 215 मध्ये कॅराकल्लाने काढलेले, आज अँटोनिनिआनस या नावाने ओळखले जाणारे मोठ्या आकाराचे नाणे हा तिसरा. दोन हजार वर्षांपूर्वीचे चांदीचे नाणे म्हणजे संग्रहालयातच पाहायची वस्तू, असा नवख्याचा समज असतो. प्रत्यक्षात ही नाणी प्रचंड संख्येने पाडली जात होती आणि संकटकाळी पुरून ठेवली जात होती. 1929 मध्ये बल्गेरियातील रेका देवनिया येथे सापडलेल्या एकाच ठेव्यात 80,000 हून अधिक नाणी होती. त्यामुळे वयावरून किंमत ठरत नाही. ती ठरते सम्राटावरून, जतनावरून, छापाच्या स्पष्टतेवरून आणि बऱ्याचदा निव्वळ मागणीवरून. टायबेरियसचा डेनारियस मुळीच दुर्मीळ नाही, पण येशूला दाखवलेले कराचे नाणे हेच असावे अशी समजूत असल्यामुळे तो अनेक पटींनी महाग विकला जातो. केवळ त्या कथेपोटी एवढी रक्कम मोजणे पहिल्या खरेदीत तरी मला पटत नाही.

विषयांच्या वैविध्यात प्रजासत्ताकाच्या डेनारियसला तोड नाही. सुरुवातीला सुमारे साडेचार ग्रॅमचे असलेले हे नाणे लवकरच एका रोमन पौंडात 84 या प्रमाणावर, म्हणजे 3.9 ग्रॅमच्या आसपास, स्थिरावले आणि चांदीचा कस बहुतांश काळ उत्तम राहिला. आरंभीच्या नाण्यांवर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मागे घोडेस्वार जुळे देव एवढेच दिसते, परंतु इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून टांकसाळीवर नेमलेले तरुण अधिकारी नाण्याचा उपयोग स्वतःच्या घराण्याचा डंका पिटण्यासाठी करू लागले आणि तेथून ही मालिका रंगत जाते. लिसिनियस नर्व्हाच्या नाण्यावर मतदानाचा प्रसंग आहे, तर कारिसियसच्या इ. स. पू. 46 मधील नाण्यावर हातोडा, ऐरण आणि सांडशी, म्हणजे खुद्द टांकसाळीची हत्यारे आहेत. पिसो फ्रुगीचे इ. स. पू. 90 मधील नाणे इटलीतील मित्रराज्यांशी पेटलेल्या युद्धाच्या खर्चासाठी अफाट संख्येने पाडले गेले. अपोलोचे मस्तक आणि दौडणारा घोडेस्वार असलेल्या या नाण्याच्या ठशांवर इतकी निरनिराळी खूणचिन्हे आहेत की केवळ त्यांचाच संग्रह करणारे लोक आहेत. आजही ते तुलनेने परवडते.

अडचणी दोन आहेत. ही नाणी दीर्घकाळ फिरल्यामुळे झिजलेली असतात, शिवाय ठसा एका बाजूला सरकलेला असणे आणि सावकारांनी चांदी तपासण्यासाठी मारलेल्या बारीक खुणा दिसणे हे नित्याचे आहे. दुसरी अडचण म्हणजे आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असलेली प्राचीन काळातीलच बनावट नाणी या काळात बरीच आढळतात. तीही प्राचीन वस्तूच आहेत, मात्र त्यांना खऱ्या डेनारियसचा भाव देऊ नये. कडेला किंवा उंचवट्यावर तांबूस झाक दिसली की वजन तपासावे. मार्क अँटनीने इ. स. पू. 32–31 मध्ये आपल्या सैन्यदलांसाठी पाडलेले, जहाज आणि गरुडध्वज असलेले डेनारियस कसाला हलके होते; म्हणून कोणी ते वितळवले नाहीत आणि शतकानुशतके ते चलनात राहिले. अशा नाण्याची झीज हाच त्याचा इतिहास असल्याने तेथे गुळगुळीतपणा मला खटकत नाही.

सम्राटांच्या डेनारियसमध्ये मुख्य आकर्षण चेहऱ्याचे असते. ओळखता येणारी, नाव वाचता येणारी व्यक्ती आणि मुद्रालेखातील पदांच्या उल्लेखावरून अनेकदा नेमके वर्ष काढता येणे ही नवशिक्यासाठी मोठीच सोय आहे. इ. स. 64 मध्ये नीरोने नाण्याचे वजन पौंडाला 96 या प्रमाणावर उतरवले, कसही कमी केला, आणि पुढे सेप्टिमियस सेव्हरसच्या काळात चांदी जेमतेम निम्म्यावर आली. म्हणजे शुद्ध चांदी हवी असेल तर नीरोपूर्वीचे नाणे घ्यावे, पण त्याला पैसे जास्त पडतात. ट्राजन, हेड्रियन, अँटोनिनस पायस आणि मार्कस ऑरेलियस यांच्या काळात चांदी पुरेशी चांगली, कोरीवकाम सुबक आणि उपलब्धता भरपूर असा मेळ जमतो. अँटोनिनसने आपल्या दिवंगत पत्नीच्या, फाउस्टिनाच्या, स्मरणार्थ पाडलेली नाणी तर इतकी विपुल आहेत की उत्तम स्थितीतला नमुनाही बेताच्या दरात मिळतो. चांदीचा आग्रह नसेल आणि ठसठशीत छाप हवा असेल, तर सेव्हरस अलेक्झांडरचे (222–235) डेनारियस अधिक स्वस्त पडतात.

अँटोनिनिआनस ओळखायला सोपा आहे, कारण त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असतो. त्याचे मूल्य दोन डेनारियसचे मानले जाते, पण त्यातली चांदी जेमतेम दीड डेनारियसइतकीच होती. राज्यकर्त्यांची ही हातचलाखी पुढे वाढतच गेली. तिसऱ्या गॉर्डियनची (238–244) नाणी अजून रुपेरी दिसतात आणि तिन्ही पर्यायांत सर्वांत स्वस्त असतात. थोडे अधिक खर्चायची तयारी असेल, तर सम्राट फिलिपने 248 मध्ये रोमच्या सहस्राब्दीच्या खेळांसाठी काढलेल्या मालिकेतील सिंह, पाणघोडा किंवा लांडगीचे दूध पिणारी जुळी मुले असलेले नाणे घ्यावे. मात्र 260 नंतर गॅलिएनसच्या एकट्याच्या राजवटीत चांदी काही टक्क्यांवर घसरली. ती नाणी म्हणजे मुलामा दिलेले तांबेच होय, आणि ‘रोमन चांदी’ या नावाखाली ती विकली जात असतील तर विक्रेत्याचा हेतू तपासून पाहावा. चौथ्या शतकातील सिलिक्वा नावाचे पातळ चांदीचे नाणे हा वेगळा आणि बराच महाग प्रांत आहे. सुरुवातीला तो बाजूला ठेवावा.

किमतीचा ढोबळ अंदाज द्यायचा तर वाचनीय अवस्थेतील गॉर्डियनचा अँटोनिनिआनस साधारण 30 ते 80 डॉलर, दुसऱ्या शतकातील किंवा सेव्हरन घराण्याचा डेनारियस 60 ते 150 आणि प्रजासत्ताकाचा सामान्य डेनारियस 100 ते 300 डॉलर असा फरक पडतो. लिलावात बोलीवर सुमारे पाचव्या हिश्श्याइतके शुल्क चढते, त्यावर टपाल आणि सीमाशुल्क. त्यामुळे एखादेच नाणे घ्यायचे असेल, तर परत घेण्याची लेखी हमी देणारा स्थिर विक्रेता लिलावापेक्षा बरा. प्लास्टिकच्या सीलबंद पेटीतील, श्रेणी दिलेले नाणे नवख्याला धीर देते, परंतु त्याची कड नीट तपासता येत नाही, आणि ओतीव नकलेची सांधरेषा नेमकी कडेवरच सापडते. शंका आली तर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या मुक्त ऑनलाइन सूचींमध्ये तोच प्रकार शोधून वजन आणि मुद्रालेख ताडून पाहावेत. एकाच ठशाने अनेक नाणी पाडली जात असल्याने ठसा जुळणे स्वाभाविक आहे, पण दोन नाण्यांची कडेची चीर आणि सरकलेपणाही हुबेहूब जुळत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

माझा कल दुसऱ्या शतकातील डेनारियसकडे आहे: प्रथम अँटोनिनस किंवा फाउस्टिना, आणि मुद्रालेख वाचण्याचा हात बसल्यावर पिसो फ्रुगी. ज्याला रोमच्या अंतर्गत राजकारणात मुळातच रस आहे, त्याने मात्र थेट प्रजासत्ताकापासून सुरुवात करावी.

नाणे कोणतेही निवडले तरी त्याची पूर्वमालकी कागदावर मागावी. 2020 मध्ये लंडनला विक्रमी किमतीला विकले गेलेले, सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसचे सोन्याचे नाणे खोट्या पूर्वमालकीमुळे 2023 मध्ये ग्रीसला परत करावे लागले. ‘भारतात सापडलेला’ ऑगस्टस किंवा टायबेरियसचा डेनारियस म्हणून जे दाखवले जाते, त्याबाबत तर विशेष सावध राहावे. अशी नाणी दक्षिण भारतात खरोखरच मोठ्या संख्येने मिळालेली आहेत, पण 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. परदेशी राहणाऱ्या मराठी संग्राहकाने आणखी एक विचार आधीच करावा. 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनी नाणी येतात आणि खासगी व्यक्तीला पुरावशेषांची निर्यात करता येत नाही. म्हणून संग्रह भारतात आणण्यापूर्वी तो पुन्हा बाहेर न्यावा लागणार आहे का, हे ठरवून घ्यावे.