करवतीच्या मोटरसाठी घेतलेला सिंगल फेज स्टार्टर: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या आर्वी तालुक्यात लाइट जायची सवय झालेली आहे. लाइट यायची भीती मात्र मला दोन वर्षांपूर्वी कळली. गोठ्यालगतच्या टिनाच्या शेडमध्ये सागाची फळी चिरत होतो, लाइट गेली आणि पातं फळीत अडकलं. बटण बंद न करताच मी फळी ओढायला वाकलो, तेवढ्यात लाइट आली. दुपट्ट्याचं टोक गेलं, बोटं वाचली. मोटर तेव्हा साध्या स्विचवर होती. इतकं होऊनही स्टार्टर घ्यायला वर्ष घालवलं, हा माझा आळस.

मोटर दीड एचपीची, नेमप्लेटवर ९ अँपिअर. स्टार्टर १९०० रुपयांना पडला. हिरवं बटण दाबलं की आतलं कॉइल चुंबक बनून कॉन्टॅक्ट, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या पट्ट्या, ओढून धरतं. लाइट गेली की सोडून देतं, आणि लाइट परत आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर हलत नाही. आपण विहिरीवरच्या पंपाला ऑटो स्विच लावतो त्याच्या अगदी उलट. (ते ऑटोही काढा म्हणून महावितरण सांगतंच, कारण लाइट आल्याबरोबर सगळे पंप एकदम उचलतात आणि डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो. ऐकतं कोण!) करवतीला ऑटो लावणारा माणूस मी पाहिलाय. त्याच्या शेडमध्ये मी पाय ठेवत नाही.

पहिला डबा घरी आणून लावला तर नुसता घुंगत होता, कॉन्टॅक्ट काही ओढेना. दुसऱ्या दिवशी दुकानात परत नेला. काउंटरवरच्या पोरानं झाकण काढून कॉइलवरचे बारीक आकडे दाखवले. "काकाजी, हे ४१५ चं हाय, थ्री फेजचं. तुमाले २३० चं पायजे." बदलून दिलं, कुरकुर केली नाही. ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटर जास्त करंट ओढायला लागली की ट्रिप होऊन तिला बंद करणारा भाग, तीही त्यानंच ६ ते १० अँपिअरची पाहून दिली आणि काटा ९ वर लावून दिला. "ट्रिप मारते म्हनून काटा वाढवजो नोका, मोटर जळन," हेही वर.

कंपनीच्या कागदावर एक गोष्ट नाही, म्हणून इथे सांगतो. रिलेला तीन वाटा असतात आणि आपल्याकडे फेज एकच. फेज एका वाटेतून नेऊन दुसरीतून परत फिरवायचा, न्यूट्रल तिसरीतून न्यायचा, म्हणजे तिन्हींतून सारखा करंट जातो. तसं केलं नाही तर काही रिले फेज गेला समजून ट्रिप होतात. आमच्या वायरमनभाऊंनी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वापरून हे जोडलं. आधी मेन पाडला, फ्यूज काढून खिशात टाकला, मगच हात घातला.

स्टार्टर आहे म्हणून शॉक लागणार नाही, असं मात्र नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, वेगळा लावला आणि मोटरच्या बॉडीपासून हिरवी वायर थेट अर्थिंगला नेली. आमची काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.

आठ महिन्यांत रिले दोनदा पडली. दोन्ही वेळा ओली बाभूळ चिरत होतो, म्हणजे चूक माझीच.

तक्रार डब्याची आहे. वायर आत घ्यायचं भोक अंगठ्याएवढं आणि सोबत ग्लँड, म्हणजे वायरभोवती भोक घट्ट बंद करणारी टोपी, नाही. श्रावणात स्टार्टर कर्रर्र वाजायला लागला. मेन पाडून उघडला तर कॉन्टॅक्टमध्ये मुंग्या भरलेल्या. ब्रशनं साफ केल्या, २० रुपयांचे दोन ग्लँड स्वतः बसवले. १९०० च्या मालात ४० रुपयांसाठी एवढी कंजुषी! पाचपैकी साडेतीन.