मासेमारीला मर्यादा: माणशी कोटा की जाळ्याचा आस (भोकाचा आकार)?
अलास्कात हॅलिबट माशाला १९९५ पासून वैयक्तिक कोटा आहे. काही दिवसांत उरकणारा हंगाम त्यामुळे कित्येक महिन्यांचा झाला, धावपळ थांबली. सॅमनला मात्र तिथे परवाने मर्यादित, आणि नदीत पुरेसे मासे चढेपर्यंत जाळी बंद. परतणाऱ्या माशांची संख्या दरवर्षी बदलते, आधीच ठरवलेला कोटा चुकतो.

साताऱ्याकडच्या धोम-कण्हेर जलाशयांसाठी आम्ही दुसरीच वाट धरू: कोटा नाही, जाळ्याच्या आसाचा नियम. माणशी किलोचा कोटा म्हणजे प्रत्येक काठावर वजनकाटा हवा. शिवाय मोठा कटला ठेवून लहान, मेलेला मासा पाण्यात फेकला जातो, तो हिशेबात येतच नाही. आस तपासायला पट्टी पुरते: ओलं जाळं ताणून भोकाच्या समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर मोजा. पावसाळ्यात कटला-रोहू ओढ्यांच्या तोंडाकडे चढतात, तेव्हा तिथे जाळं नकोच. बारीक आसात बोटुकलीही (बोटाएवढं पिल्लू) अडकते.