कॅनडाचा स्टडी परमिट नाकारला: पुन्हा अर्ज की फेडरल कोर्ट?

नकाराचं पत्र हातात घेऊन मैत्रिणीची मुलगी विचारत होती, "मावशी, नवा अर्ज करू की कोर्टात जाऊ?"

खर्च: नव्या अर्जाची फी १५० कॅनेडियन डॉलर. कोर्टाची दाखल फी फक्त ५०, पण खरा भार वकिलाचा.

मुदत: नव्या अर्जाला घाई नाही. कोर्टासाठी मात्र कॅनडाबाहेरच्या निर्णयाला ६० दिवस, आतल्याला १५. इथेच बरेच जण चुकतात. आधी नवा अर्ज, मग कोर्ट असं ठरवतात आणि दिवस निघून जातात.

काय तपासलं जातं, हा कळीचा मुद्दा. नव्या अर्जात बँकेचे कागद, नवं पत्र, सगळं जोडता येतं. कोर्ट सहसा अधिकाऱ्यासमोर होतं तेवढंच पाहतं: निर्णयाला पटणारी कारणं आहेत का, आणि अर्जदाराच्या खरेपणावर शंका असेल तर उत्तर द्यायची संधी दिली का. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या १९९९ च्या बेकर खटल्यापासून ही न्याय्य वागणूक तिथे स्पष्टपणे मान्य आहे. तरी जिंकल्यावर थेट परमिट मिळत नाही. फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. एवढ्या धडपडीनंतर हे ऐकून जीव खट्टू होतो, हे मला कळतं.

कागदच कमी पडले असतील, तर नवा अर्ज करा. पुरावे पूर्ण असूनही दोन ओळींत नकार आला असेल, किंवा खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला असेल, तर लगेच वकील गाठा. त्या ठपक्याने पाच वर्षं दार बंद होतं, नवा अर्ज तो पुसत नाही.