लेकरू समुद्राकाठच्या शाळेत घालावं की गावाकडच्या? कोकणात नोकरीला असलेल्या मराठवाड्यातल्या गुरुजी-बाईंसाठी

बीड, लातूर, परभणी, नांदेडकडची किती तरी पोरं-पोरी डीएड करून रत्नागिरी-सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली. आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल उघडलं की घरोघरी आशा, यादी लागली की पुन्हा पुढच्या वर्षाची वाट. तोवर लेकरू सहा वर्षांचं होतं. मग त्याला पहिलीत कुठं घालायचं? आपल्याजवळ, समुद्राकाठच्या वाडीतल्या शाळेत, की गावाकडं आजी-आजोबांपाशी?

माझा भाऊ आणि भावजय गुहागर तालुक्यात आहेत, मी अंबाजोगाईला, त्यामुळं दोन्हीकडच्या शाळा जवळून बघायला मिळतात. अभ्यासाचं मी बाजूला ठेवते. पुस्तकं दोन्हीकडं बालभारतीचीच. लेकरू तिथं रमतं का आणि त्याच्या भोवती माणसं कोण आहेत, एवढंच इथं बघू.

पट किती?

पहिला प्रश्न हाच विचारा. कोकणातल्या वाड्यांची माणसं मुंबईला. घरं कुलूपबंद, उघडतात ती गणपतीला आणि शिमग्याला. त्यामुळं अख्ख्या शाळेत नऊ-दहा लेकरं हे तिकडं नवलाचं नाही. शिक्षण हक्क कायद्यात ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक धरलेत. म्हणजे तिकडं दहा लेकरांमागं दोन गुरुजी आणि आपल्याकडं पंचावन्न लेकरांमागंही दोनच. त्यातला एक पुन्हा कुठल्या तरी ऑनलाइन माहितीत गुंतलेला.

भावाच्या शाळेत एखादं पोर सकाळी गप्प असलं तर परिपाठातच कळतं. बापाची होडी आली का, घरी आजारपण आहे का, सगळं गुरुजींना ठाऊक असतं. आपल्याकडं पंचावन्नात एखादं लेकरू आठवडाभर तोंड मिटून बसलं तर ‘शांत आहे, गुणी आहे’ म्हणून खपून जातं.

पण याच छोट्या पटाची दुसरी बाजू आहे आणि ती शाळा बघायला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दिसत नाही. माझी भाची दुसरीत एकटीच आहे. एकटी म्हणजे वर्गात दुसरं कुणीच नाही. पहिलीत दोन मुलगे, तिसरीत दोन, चौथीत एक मुलगी, आणि ही चौथीतली मुलगी रुसली की भाचीला त्या दिवशी मैत्रीणच उरत नाही. खो-खोला गडी पुरत नाहीत. गेल्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा ती व्हरांड्यात एकटीच सागरगोटे खेळत होती, आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच. आपल्याकडं एकीशी कट्टी झाली तर मधल्या सुट्टीपर्यंत दुसऱ्या टोळीत जागा मिळते. भांडायला आणि मिटवायला समवयस्क लागतात. गुरुजी कितीही प्रेमळ असले तरी ती जागा भरून निघत नाही.

शिवाय कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा २०२३ पासून सुरू आहे. आज घराशेजारी असलेली शाळा लेकरू चौथीत जाईपर्यंत तिथंच असेल, असं गृहीत धरू नका.

आई म्हणायचं की बाई?

शिक्षक जोडप्याच्या लेकराचा हा खास प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. दोन शिक्षकी शाळेत आपलं लेकरू म्हणजे निम्मी शाळा घरचीच. भाची पहिलीत असताना प्रार्थनेच्या रांगेत उभीच राहायची नाही, आईचा पदर धरायची. बाकीची लेकरं तिच्या खोड्या सांगायला कचरायची, कारण सांगायचं तिच्या आईलाच. उलट भावजय सगळ्यांसमोर तिला जास्त रागवायची, कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून. संध्याकाळी घरी आल्यावर ‘बाई मला बोलल्या’ हे सांगायला लेकराला आई लागते, आणि इथं बाई म्हणजेच आई.

त्यांनी शेवटी इयत्ता वाटून घेतल्या. भाचीचा वर्ग दुसऱ्या गुरुजींकडं दिला आणि भावजय तिच्या वह्या शाळेत तपासायची बंद झाली. बराच फरक पडला. दोघं वेगवेगळ्या शाळांवर असाल तर लेकरू तिसऱ्याच शाळेत घालता येतं का, तेही बघा. शेजारच्या वाडीत शाळा असते बहुतेक.

गावाकडं हा गुंता नाही. तिथं दुसरा आहे. आजीला अक्षर ओळखता येत नसेल, पण पाच वाजता ओसरीवर वाट बघणारं माणूस असतं. चुलत भावंडं असतात. लाडही भरपूर, इतके की खिचडी नको म्हटलं की लगेच दहाची नोट. आई-बाप मात्र फोनमध्ये. सहा-सात वर्षांचं लेकरू व्हिडिओ कॉलवर मन मोकळं करत नाही. ‘जेवलास का’ला ‘हो’ म्हणतं आणि पळतं. काही दुखतंय, कुणी मारतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर वाचावं लागतं, आणि आजी-आजोबा ‘उगीच तिकडं काळजी लागेल’ म्हणून तेवढंच आई-बापाला सांगत नाहीत.

गाव शाळेला किती धरून आहे?

किनाऱ्यावर गावाचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्या दिवसांत बाप घरी असतात, जाळी विणत बसतात, शाळेच्या कौलांचं कामही करून देतात. नारळी पौर्णिमेनंतर धंदा सुरू झाला की बाप पाण्यात आणि आया मासळी विकायला. तरी आठ-पंधरा दिवसांनी माणूस घरी दिसतो. शाळेला रंग, दप्तरं, टीव्ही असलं काही हवं असलं तर वाडीचं मुंबईकर मंडळ पुढं येतं.

आमच्याकडं, विशेषतः पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या पट्ट्यात, दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की निम्मा गाव मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यावर. लेकरं मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, आजी-आजोबा आहेत, पण वर्ग पातळ होतोच. तुमचं लेकरू गावाकडं ठेवलंत तर त्याचा जिवलग दोस्त पाच महिने गायब होऊ शकतो, हे धरून चाला. ऊसतोड नसलेल्या गावात हा प्रश्न येत नाही.

पण गावपणाचं म्हणाल तर आपली बाजू जड आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आंबील आणि भज्जी खायला अख्खा वर्ग कुणाच्या तरी शेतात, सप्ताहात पोरं टाळ घेऊन उभी, पोळ्याला बैल रंगवणं आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. कोकणातल्या शाळेत १७ सप्टेंबर साध्या दिवसासारखा जातो. आपल्या लेकराला निजामाची गोष्ट घरीच सांगावी लागते.

तिकडं ‘घाटी’ म्हणून चिडवतात, हेही सांगून ठेवते. लेकरं महिनाभरात विसरतात, मोठ्यांना जास्त वेळ लागतो. माळकरी घर असेल तर डब्याचाही प्रश्न. शेजारच्या ताटात सुकट आणि आपलं लेकरू नाक दाबून, नाही तर चाखून बघायला उत्सुक. दोन्हीची तयारी ठेवा.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हा नियम दोन्हीकडं सारखा. आमच्याकडं मी अशा समित्या बघितल्यात जिथं बैठक होत नाही, रजिस्टरच सह्यांसाठी घरोघर फिरतं. छोट्या वाडीत आया सहज शाळेत येऊन बसतात, कारण शाळा पाखाडीच्या, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेच्या, टोकालाच. दाखल करण्याआधी मागच्या बैठकीला कोण आलं होतं ते विचारा. लेकरांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, जी २०२२ पासून शाळेत असायला हवी, आणि तक्रारपेटी याबद्दलही विचारा. पेटी दिसली तर ती कधी उघडतात तेही विचारा. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लेकराला पाठ करून द्या, शाळा कुठलीही असो.

पाऊस, ऊन, पाणी

मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या पुढं. गणवेश वाळत नाही, वर्गात दोरीवर टॉवेल, सर्दी हटत नाही. तिसरा गणवेश शिवून घ्या. आपल्याकडं मार्चपासून सकाळची शाळा, पत्रे तापलेले आणि टँकर. टँकरची वाट कोकणातही मेमध्ये बघतात, त्यामुळं स्वच्छतागृहात नळाला पाणी आहे का ते दोन्हीकडं स्वतः तोटी फिरवून बघा. समुद्राची भीती आपल्याला फार वाटते. तिथली पोरं भरती-ओहोटी ओळखून असतात, आपलं लेकरू नसतं. पहिलं वर्षभर एकट्याला किनाऱ्यावर पाठवू नका. पण गावाकडच्या कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी काही कमी धोक्याची नाहीत.

खिचडीत फरक नाही. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं हेच प्रमाण दोन्हीकडं.

माझं मत

पहिली-दुसरी आई-बापापाशी, समुद्राकाठी. त्या वयात रोज रात्री कुशीत कोण आहे, हे बाकी सगळ्यापेक्षा मोठं. याला दोन अपवाद. वाडीत त्याच्या वयाचं एकही लेकरू नसेल, शाळेतही नाही आणि शेजारीही नाही, तर थोड्या मोठ्या गावातल्या शाळेशेजारी खोली घ्या, जाणं-येणं तुम्ही करा. आणि नवरा-बायकोचं एकत्रीकरणच झालं नसेल, एक जण गावाकडंच असेल, तर लेकरू गावाकडं.

तिसरीला पुन्हा विचार करा. आपल्याकडं नवोदयचं, म्हणजे सहावीपासूनच्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं, वेड आहे. नवोदयला लेकरू ज्या जिल्ह्यात पाचवीला शिकतं आणि राहतं, त्याच जिल्ह्यातून अर्ज भरावा लागतो, आणि ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेतच झालेली हवी. बीडचं नवोदय गढीला. ते डोळ्यासमोर असेल तर हलवाहलवी तिसरीच्या आरंभीच करा, पाचवीत नको.

आणि हलवायचं तर जूनमध्येच. दाखल्याला उशीर झाला म्हणून कुठलीही सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे, त्यामुळं कागदांपायी दिवाळीपर्यंत थांबू नका. ऊसतोडीच्या गावात तर दिवाळीनंतर मुळीच आणू नका. नवीन लेकराची जेमतेम ओळख होते आणि आठ दिवसांत निम्मा वर्ग ट्रकमध्ये बसून निघून जातो.