बोदोनी मोडा: आठ महिने वापरल्यानंतर

एका फॅशन नियतकालिकाचे मथळे आठ महिने मी बोदोनी मोडा या इंग्रजी फॉन्टमध्ये बसवतेय. आधी त्याच्या रूपानेच भुरळ घातली. भक्कम उभे दांडे, केसासारख्या आडव्या रेघा आणि टोकाला अगदी सपाट, पातळ सेरिफ, म्हणजे दांड्याच्या टोकाची छोटी आडवी रेघ. बोरूच्या वळणात जाड-बारीक तिरकं उतरतं, इथे ते ताठ उभं राहतं. इटलीतल्या पार्माचा मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनी आणि पॅरिसचं दिदो हे मुद्रक घराणं यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे वळण घडवलं, तेव्हा गुळगुळीत कागद नुकता मिळू लागला होता. खरबरीत कागदावर अशी रेघ टिकलीच नसती.

तीन महिन्यांनी मी ठेच खाल्ली. मथळ्याला नेमलेलं बारीक वळणच फोटोओळींनाही लावलं, नऊ पॉइंटला, काळ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत. स्क्रीनवर सुरेख दिसलं. छापून आलं तेव्हा ‘e’ची आडवी रेघ गायब आणि ‘n’चे दोन सुटे दांडे उरलेले. पानाचा काळा रंग चार शाया एकावर एक छापून केलेला होता. छपाईच्या प्लेटा किंचित सरकल्या की पांढऱ्या फटीत दुसरी शाई घुसते, आणि इथे फट होतीच किती! चूक माझीच होती, फॉन्टची नाही.

कारण त्यात ऑप्टिकल साइझचा अक्ष आहे, म्हणजे छपाईच्या आकारानुसार अक्षराचं रूप बदलण्याची सोय, ६ ते ९६ पॉइंटपर्यंत. लहान आकाराला बारीक रेघा जाड होतात, अक्षरं जरा मोकळी बसतात. बोदोनीच्या काळी प्रत्येक आकाराचा खिळा वेगळा कोरावा लागे, तेच शहाणपण यात आहे. १९९१मध्ये फॉन्टकार जोनाथन हॉफलरने ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकासाठी दिदो नावाचा फॉन्ट केला, तोही वेगवेगळ्या आकारांसाठी वेगवेगळा काढला होता. आता मी फोटोओळीला लहान आकाराचं वळण लावते, वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एक पायरी वाढवते आणि पांढऱ्या अक्षरांमागे फक्त एकाच काळ्या शाईचं पान ठेवते. दोन अंक झाले, एकही रेघ तुटलेली नाही.

मोठ्या आकारात मात्र याला तोड नाही. आकडे तर बघत राहावे असे: ‘2’ची मान, ‘5’चं पोट. फक्त ‘AV’, ‘To’ अशा जोड्यांमधलं अंतर नजरेने तपासा. रेघा इतक्या धारदार की जरा जास्त फट पडली तरी शब्द फाटल्यासारखा दिसतो. तिरपं वळणही देखणं आहे, मी ते उपमथळ्यांना राखून ठेवलंय.

सलग मजकुराला मी हा वापरत नाही. उभ्या दांड्यांची रांग डोळ्यांपुढे गजांसारखी उभी राहते आणि दुसऱ्या परिच्छेदातच नजर थकते. तिथे जाड-बारीक रेघांत कमी फरक असलेला, शांत सेरिफ फॉन्ट घेते. वेबवर ब्राउझर आकारानुसार वळण आपोआप निवडतो, पण कमी घनतेच्या जुन्या स्क्रीनवर बारीक रेघा फिक्या पडतात, त्यामुळे तिथे २४ पिक्सेलच्या खाली मी उतरत नाही.

परवाना खुला आहे, व्यावसायिक कामालाही चालतो. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावरही हाच येतोय, यावेळी पानभर एकच ‘R’.