‘टॉमी’ की ‘एस. एफ. सॉरो’?

‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘टॉमी’ (मे १९६९), गाण्यांतून एकच गोष्ट सांगणारा अल्बम, सगळ्यांना ठाऊक. दोन तबकड्या, वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, पुढे सिनेमाही. ‘प्रिटी थिंग्ज’ या दुसऱ्या ब्रिटिश बँडचा तसाच अल्बम ‘एस. एफ. सॉरो’ त्याच्याही आधीचा, डिसेंबर १९६८चा. पण अमेरिकेत पोहोचला ‘टॉमी’नंतर, आणि उगाच नकलेचा शिक्का बसला.

‘टॉमी’त द हूच्या टाउनशेंडची गिटार दणकट, मान्य. पण गोष्ट मधेच रेंगाळते. दोन-तीन गाणी मी सरळ पुढे ढकलतो. ‘सॉरो’ एकाच तबकडीत नायकाचा जन्म, कारखाना, युद्ध, म्हातारपण सगळं दाखवतो. माणसं नेणारा उडता फुगा पेटतो, त्यात त्याची प्रेयसी मरते. शेवटचं ‘लोनलिएस्ट पर्सन’ जेमतेम दीड मिनिटाचं: गिटार आणि थकलेला आवाज, बस्स. ते संपलं तरी माझा हेडफोन कानावरच. बायको विचारते, “झोपलास की काय?”